माऊसचा मोठा बाण

ही गोष्ट फार जुनी नाही, पण संगणकाच्या वयाने पाहिली तर पुराणकाळातलीच. डावखुऱ्या इंदुमतीबाईंच्या लिनक्स संगणकात एक साधी फाईल राहत असे. अक्षरं ठळक हवीत, कळफलक मराठी हवा, माऊस डाव्या हाताचा हवा, असं सगळं बाई तिच्यात लिहीत आणि संगणक ते वाचून स्वतःला तसा घडवी. फाईलची एक प्रत बाई पेनड्राइव्हवरही ठेवत.

माऊसला हा द्राविडी प्राणायाम वाटे. बाईंची नजर अधू झाली आणि पडद्यावरचा बाण मोठा करायची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला, "फाईल कशाला? दोन टिचक्या मारा, झालं!" बाईंनी मारल्या. बाण मोठा झाला.

"मलाही सांगून ठेवा हो," फाईल म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

एके दिवशी डिस्क कायमची बंद पडली. नवी आली ती कोरी करकरीत. अक्षरं मुंगीएवढी झाली, माऊस उजव्या हाताचा झाला आणि रडकुंडीला आला.

बाईंनी पेनड्राइव्ह लावला, फाईल दाखवली आणि चहा ठेवायला गेल्या. परतल्या तेव्हा अक्षरं ठळक होती, मराठी जागेवर होती, माऊस पुन्हा डावखुरा होता. बाण तेवढा बारीकच राहिला होता.

"फाईलताई, मी तुला हसलो, तरी तू मला परत आणलंस," माऊस म्हणाला.

"जेवढं मला सांगितलं होतं, तेवढंच आणलं रे."

बाई डोळे बारीक करून बाण शोधत होत्या. माऊस हळूच सरकला आणि बाण फाईलपाशी नेऊन थांबला.

"बाई, आधी हिला सांगा."