मंजुरीला थांबलेला मेल

दूध संघाचे अध्यक्ष आबासाहेब ढमढेरे यांच्या सहीशिवाय संघातून रिकामा कॅनसुद्धा बाहेर पडत नसे. कार्यालयात लिनक्सच्या मशीनवर मेल सर्व्हर बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी ते काम करणाऱ्या रेश्मा मुजावरला बजावलं, "माझ्या मंजुरीशिवाय या मशीनमधून मेल सुटता कामा नये. एकही म्हणजे एकही! आणि उठसूट केबिनमध्ये यायचं नाही. काय असेल ते मेलने कळवा."

"पण आबासाहेब, त्यात एक अडचण..."

"जमत नसेल तर तुमच्या जागी जावईबापूंना बसवतो!"

रेश्माने मान डोलावली आणि हुकूम जसाच्या तसा सर्व्हरला शिकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबासाहेब तणतणत तिच्या टेबलाशी आले. "सकाळपासून संघाचा एक मेल गेलेला नाही! मंजुरीला माझ्याकडे तरी एखादा यावा की नाही?"

"मेल मंजुरीला थांबलाय, हे सर्व्हर तुम्हाला मेलनेच कळवतो, आबासाहेब. आता तोही मेलच! तुमची मंजुरी मिळेपर्यंत तोही थांबलाय."

सगळं कार्यालय फायलींत तोंड खुपसून हसू दाबू लागलं.

"अहो, मग हे मला सकाळीच सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की," रेश्मा शांतपणे म्हणाली, "सकाळीच मेल केलाय तुम्हाला."