झिपरीची शेंग आणि न सरणारी गाडी

शेपटी केवढी? ही एवढी!
आणि खार केवढी? चिमूटभर!
तीच आपली झिपरी.

झिपरीला सापडली एक शेंग. भुईमुगाची. साधीसुधी नाही हं, तीन दाण्यांची! हलवली की वाजायची, खुळखुळ खुळखुळ.

झिपरी कुंपणावर चढली. शेंग हातातून निसटली. टप्! गडगड गडगड गडगड... गेली थेट अंगणातल्या गाडीखाली.

गाडीच्या चाकामागे होता एक दगड. इकडे चाक, तिकडे दगड, मधे शेंग. अडकली गच्च!

झिपरीने ओढली. निघेना. झिपरीने ढकलली. निघेना. पोटात भूक, गुडगुड गुडगुड.

झिपरी म्हणाली, "गाडीमावशी, गाडीमावशी, थोडी पुढे सर. माझी शेंग मला दे."

गाडी म्हणाली, "कुई... कुई... टक्! मी नाही सरणार. बॅटरी मला वीज देईना. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं!"

"कळतं मला!" झिपरी म्हणाली. तिची शेपटी फुगली. फुस्स!
आणि निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

बॅटरी बसली होती गाडीच्या नाकात.

"बॅटरीआत्या, बॅटरीआत्या, गाडीला वीज दे ना.
गाडी पुढे सरेना,
माझी शेंग मला मिळेना!"

बॅटरीने दिली मोठी जांभई. "आऽऽऽ! मी नाही देणार. माझं पोटच रिकामं. जीप मला वीज देईना. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं!"

"कळतं मला!" शेपटी फुगली. फुस्स!
झिपरी निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

जीप उभी होती शेजारीच. चिखलाने माखलेली. तरी ऐट केवढी!

"जीपबाई, जीपबाई, बॅटरीला वीज द्या ना.
बॅटरी गाडीला वीज देईना,
गाडी पुढे सरेना,
माझी शेंग मला मिळेना!"

जीप म्हणाली, "घुर्र! माझ्याकडे वीज रग्गड! पण मी नाही देणार. केबल मला जोडेना. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं!"

"कळतं मला!" शेपटी फुगली. फुस्स!
झिपरी निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

केबल कुठे होती? गाडीच्या डिकीत. डिकी बंद. झिपरीने फटीला तोंड लावलं.

"केबलमामी, केबलमामी, जीपला जोड ना.
जीप बॅटरीला वीज देईना,
बॅटरी गाडीला वीज देईना,
गाडी पुढे सरेना,
माझी शेंग मला मिळेना!"

आतून आवाज आला, "मी नाही जोडणार. मला इथे कोंडलंय बाई! डिकी मला सोडेना. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं!"

"कळतं मला!" शेपटी फुगली. फुस्स!
आता लांब जायचं नव्हतं. झिपरी तिथेच डिकीवर चढली. ठक ठक ठक!

"डिकीकाकू, डिकीकाकू, केबलला सोडा ना.
केबल जीपला जोडेना,
जीप बॅटरीला वीज देईना,
बॅटरी गाडीला वीज देईना,
गाडी पुढे सरेना,
माझी शेंग मला मिळेना!"

डिकी म्हणाली, "मी नाही सोडणार. किल्ली मला उघडेना. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं!"

"कळतं मला!" शेपटी फुगली. फुस्स!
झिपरी निघाली. सुर्र सुर्र सुर्र!

गाडीची खिडकी होती उघडी. झिपरी आत शिरली. किल्ली तिथेच लटकत होती. छुन छुन छुन.

"किल्लीताई, किल्लीताई, डिकी उघड ना.
डिकी केबल सोडेना,
केबल जीपला जोडेना,
जीप बॅटरीला वीज देईना,
बॅटरी गाडीला वीज देईना,
गाडी पुढे सरेना,
माझी शेंग मला मिळेना!"

किल्ली म्हणाली, "मी नाही उघडणार. आजोबा मला सोडेनात. बघ, कसं घट्ट धरलंय! तू लहान आहेस, तुला नाही कळायचं!"

"कळतं मला!" शेपटी फुगली. फुस्स!

झिपरीने वर पाहिलं. खरंच की! गाडीत बसले होते आजोबा. डोळे मिटलेले. एक हात किल्लीवर. दुसरा हात वर, हवेत. ताल धरायला वर गेला, तो खाली आलाच नाही!

"आजोबा, आजोबा, किल्ली सोडा ना.
किल्ली डिकी उघडेना,
डिकी केबल सोडेना,
केबल जीपला जोडेना,
जीप बॅटरीला वीज देईना,
बॅटरी गाडीला वीज देईना,
गाडी पुढे सरेना,
माझी शेंग मला मिळेना!"

आजोबांनी एक डोळा उघडला. "शूऽऽऽ! मी नाही सोडणार. गाणं मधेच थांबलंय. रेडिओ गाणं संपवेना. अर्ध्या गाण्यातून उठायचं नसतं. आमच्या वेळी कुणी उठत नव्हतं! तू लहान आहेस, तुला नाही कळायचं!"

आणि डोळा पुन्हा मिटला.

"कळतं मला!" शेपटी फुगली. एकदा नाही, दोनदा! फुस्स! फुस्स!

"रेडिओबुवा, रेडिओबुवा, गाणं संपवा ना!
आजोबा किल्ली सोडेनात,
किल्ली डिकी उघडेना,
डिकी केबल सोडेना,
केबल जीपला जोडेना,
जीप बॅटरीला वीज देईना,
बॅटरी गाडीला वीज देईना,
गाडी पुढे सरेना,
माझी शेंग मला मिळेना!"

रेडिओ म्हणाला, "खर्रर्र... मी नाही संपवणार. बॅटरी मला वीज देईना."

"काय?" झिपरी म्हणाली. "बॅटरी? बॅटरीकडूनच तर मी आले!"

रेडिओ लाजला. हळूच म्हणाला, "सकाळपासून गाडी बंद आणि मी चालू. आजोबा ऐकत होते, मी गात होतो. आत्याची सगळी वीज मीच पिऊन टाकली. गट् गट् गट्!"

झिपरीने डोक्याला हात लावला.

बॅटरी म्हणते जीप. जीप म्हणते केबल. केबल म्हणते डिकी. डिकी म्हणते किल्ली. किल्ली म्हणते आजोबा. आजोबा म्हणतात रेडिओ. आणि रेडिओ म्हणतो बॅटरी! एवढे सगळे मोठे. सगळे एकमेकांकडे बोट दाखवणार. मग सुरुवात कोण करणार?

झिपरी करणार!

झिपरी आजोबांच्या गुडघ्यावर चढली. छाती फुगवली. शेपटी उभी केली. आणि उरलेलं गाणं स्वतःच गायली.

"चिक् चिक् चिर्रर्र! चिक् चिक् चिर्रर्र! चिक् चिक् चिक् चिक्... चिक्!"

आजोबांचा हात खाली आला. मांडीवर थाप! डोळे उघडले. दोन्ही!

"वा!" आजोबा म्हणाले. "सूर जरा तिखट. पण संपलं बुवा एकदाचं!"

गाणं संपलं, आजोबांनी किल्ली सोडली.
किल्लीने डिकी उघडली. खट्!
डिकीने केबल सोडली. सळसळ!
आजोबांनी केबल हातात घेतली. लाल चिमटा, काळा चिमटा. आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी तर..."
"आजोबा, लाल खुणेला लाल! काळ्या खुणेला काळा! पोटात गुडगुड होतंय माझ्या!"
"हो गं बाई, हो!"

केबल जीपला जोडली, बॅटरीलाही जोडली.
जीपने बॅटरीला वीज दिली. घुर्र घुर्र घुर्र!
आजोबांनी किल्ली फिरवली.
बॅटरीने गाडीला वीज दिली.
गाडी म्हणाली, "कुई... कुई..."

झिपरीने कान टवकारले.

"...भुर्रर्रर्र!"

केबल सुटली. गाडी पुढे सरली. थोडीशीच.
आणि शेंग? सुटली! टुपुक!

झिपरीने शेंग उचलली. हलवली. खुळखुळ खुळखुळ. तिन्ही दाणे आत!

आजोबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बघितलंस? गाडीला काही झालंच नव्हतं. आता बंद करतो आणि निवांत दुसरं गाणं लावतो."

"आजोबाऽऽऽ!" झिपरी ओरडली. "आधी गाडी फिरवून आणा! आत्याचं पोट भरू दे! गाणी रस्त्यात ऐका!"

आजोबा हसले. गाडी निघाली. भुर्रर्र! रेडिओ गात गेला. गाणं लांब लांब गेलं.

अंगण शांत झालं. झिपरी बसली दगडावर.
फट्! एक दाणा. कुटुर कुटुर.
दुसरा दाणा. कुटुर कुटुर.
तिसरा दाणा ठेवला गालात. गाल झाला टम्म!

शेंग फुटली, फट्!
गोष्ट मिटली, झट्!