जोडपान

फार फार वर्षांपूर्वी, ज्या काळातल्या राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत त्या काळात, एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. एका साली नदीला पूर आला आणि गावातली बरीच पोरं पोरकी झाली. गाव गरीब, एवढी पोरं पोसायची कशी? घाट चढण्याआधी वाटसरू गावात थांबत असत. जाणत्या माणसांनी त्यांच्यासाठी खानावळ उघडली आणि तिथं एक रीत घातली.

वाटसरूचं पान मांडलं की शेजारी दुसरं पान मांडायचं. त्यावर एक पोर बसायचं. दोघांना एकाच भांड्यातलं वाढायचं. पोरानं पहिला घास घेतल्याशिवाय वाटसरूनं जेवायला सुरुवात करायची नाही. वाटसरू दोन्ही पानांचे दाम देई. शेजारच्या त्या पानाला जोडपान म्हणायचे.

रीत चांगली होती. पोरं वाटसरूंना घाटातल्या अस्वलांच्या गोष्टी सांगत, वाटसरू पोरांना दूरदेशीच्या. पुढं गावात जे पोर पोरकं होई, तेही तिथंच वाढू लागलं. बघता बघता खानावळीचं नाव झालं. लोक वाट वाकडी करून तिथं जेवायला येऊ लागले.

मग तिथं नवा कारभारी आला, आणि माझं डोकं तापायला लागतं ते इथूनच.

एक बडा व्यापारी नाक मुरडून म्हणाला, "पोराचं नाक वाहतंय हो. घास उतरत नाही."

कारभारी हात चोळत म्हणाला, "खरंय शेटजी. मागं बसवतो त्यांना."

पोरं मागच्या अंगणात गेली. मागं गेली, म्हणून नंतर जेवू लागली. नंतर जेवू लागली, म्हणून उरलंसुरलं खाऊ लागली. शेवटी भांड्याला चिकटलेली खरवड तेवढी त्यांची. दिवसभर ती भांडी घासायची आणि उष्टी पानं उचलायची.

जोडपान मात्र कारभाऱ्यानं मोडलं नाही. तो काय खुळा होता? वाटसरूशेजारी रिकामं पान मांडायचं आणि त्यावर एक झेंडूचं फूल ठेवायचं. लोक दोन पानांचे दाम द्यायचे, फुलाला हात जोडायचे आणि "पोटही भरलं, पुण्यही लागलं" म्हणत ढेकर द्यायचे. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, म्हणतात. इथं दळणारे आंधळे नव्हते हो! डोळे मिटून बसले होते, कारण डोळे मिटले की जेवण चवीचं लागतं. आणि गावकरी? त्यांना आपल्या खानावळीचा कोण अभिमान! मागच्या दाराला मात्र कुणी फिरकत नव्हतं.

अशी कैक वर्षं गेली. मग एके दिवशी एक म्हातारी आली. घाटापलीकडे लेकीकडे निघालेली, सकाळपासून उपाशी. तिच्यापुढे भाकरी आली, आमटी आली, भरलं वांगं आलं. तिनं कशालाच हात लावला नाही.

"आजी, जेवा की. निवतंय," वाढपी म्हणाला.

"माझ्या जोडीचं पोर कुठाय?"

कारभारी धावत आला. "ते मघाशीच जेवलं, आजी."

"मग ह्ये पान कुनाचं?"

"ती रीत आहे आपली. पानाचा मान असतो."

"मान? पानाला पोट असतं का रं, मेल्या?"

पंगत चुळबुळली. एकजण म्हणाला, "आजी, चांगल्या कामात खोडा घालू नका. आम्ही त्या पोरांसाठीच तर इतक्या लांबून येतो."

"पोरांसाठी येता? मंग त्यातलं एक तरी पोर बघितलंसा का?"

जो तो आपल्या पानातली भाकरी मोडू लागला.

म्हातारी उठली आणि थेट मागच्या अंगणात गेली. तिथं सहा-सात वर्षांची एक पोर कढई खरवडत होती. म्हातारीनं तिला हाताला धरून पंगतीत आणलं आणि जोडपानापाशी उभं केलं.

"बस बाळा. ह्ये तुझं पान."

पोरीनं पानाकडे पाहिलं. मग वाकून ते फुलासकट दुमडलं, काखेत मारलं आणि लगबगीनं पलीकडच्या वाटसरूचं जोडपान दुमडू लागली. कुणी ओरडायच्या आत काम उरकायची तिला सवय होती.

"अगं, तुझं पान म्हंते मी!"

"व्हय. उचलते की," पोर म्हणाली.

पान आपल्यापुढे जेवायला मांडतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

म्हातारीनं तिला ओढून मांडीवर घेतलं आणि आपलं भरलेलं पान तिच्यापुढे सरकवलं. पोरीनं आधी भीतभीत कारभाऱ्याकडे बघितलं. मग पहिला घास घेतला.

ही गोष्ट गावात पोचली तेव्हा गावाला शरमेनं तोंड लपवायला जागा उरली नाही. कारभाऱ्याला त्याच दिवशी वेशीबाहेर हाकललं. त्या वाटेवर पुन्हा कुणी त्याच्यासाठी पान मांडलं नाही. खानावळीत पोरं परत पंगतीला बसली, वाहत्या नाकांसकट.

आणि त्या दिवशीच्या पंगतीतले ते जेवणारे? काहीजण उठून स्वतः मागं गेले आणि एकेका पोराला घेऊन आले. काहींनी मात्र आमटी ओरपून संपवली आणि "म्हातारीनं जेवणाचा विचका केला" असं पुटपुटत घाट चढून गेले. त्यांना कसली शिक्षा झाली म्हणता? कसलीही नाही. ते अजूनही कुठंतरी रिकाम्या पानाला हात जोडून जेवत असतील, आणि म्हणूनच ही गोष्ट मला सांगावी लागते.

तात्पर्य: ज्याच्या नावानं जेवायला बसता, त्याच्या तोंडात घास गेला का ते आधी बघा.