चिंधीने तोंड उघडलं

कुठल्याशा गावात प्राणी विकण्याचं एक दुकान होतं. तिथे जो गिनीपिग ओरडेल, त्याच्या पिंजऱ्यावर काठी बसायची. पुढे दुकान बंद पडलं. मागे उपाशी राहिलेल्या चिंधी आणि ढब्बू या दोन गिनीपिगांना कुमुदमावशींनी घरी आणलं.

ढब्बू मोठा विसरभोळा. मावशी विळीवर कोथिंबीर चिरायला बसल्या, की तो "वीक वीक" करून घर डोक्यावर घ्यायचा. चिंधी मात्र खोक्यात दडून म्हणायची, "गप रे! काठी येईल."

"इथे कोथिंबीरच येते की!" ढब्बू म्हणायचा.

चिंधी देठ खायची, मनातल्या मनात मावशींना दुवा द्यायची, पण तोंडातून हूं की चूं काढत नसे.

एका दुपारी पिंजऱ्याच्या जाळीत ढब्बूची मान अडकली. त्याला श्वास घेता येईना. मावशी आत स्वयंपाकघरात होत्या. चिंधीने डोळे घट्ट मिटले आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली.

पावलं धावत आली. चिंधी अंग चोरून काठीची वाट पाहत राहिली. मावशींनी जाळी वाकवून ढब्बूला सोडवलं, मग तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मला वाटायचं तू मुकीच आहेस गं बाई!"

आता विळी मांडली की पहिली ओरडते ती चिंधी. कोथिंबीर खाऊन झाली तरी थांबत नाही.

"पोट भरलं ना? मग आता कशाला?" ढब्बू विचारतो.

"मावशी ऐकतात म्हणून," चिंधी सांगते आणि पुन्हा ओरडते.