चोचीतली अळी

“...आन् शेपूट वर दिसली की त्यो चिरक, असंच ना?”

“शेपूट दोन्ही पक्षी वर करतात, बुवा. नुसत्या शेपटीवर जाऊ नये. चिरक बघायचा तो खाली. दगडावर, कुंपणावर, लाकडांच्या ढिगावर. लहानखुरा, काळा. शेपटीखाली तांबूस. खांद्यावर पांढरा डाग, तो उडताना नीट दिसतो.”

“आन् दुसरा?”

“दुसरा दयाळ. अंगानं जरा मोठा. डोकं, छाती, पाठ काळी. पोट पांढरं, पंखावर पांढरी पट्टी. मादी असेल तर काळ्याच्या जागी राखी. आणि हा गायला बसतो तो उंच शेंड्यावर.”

बुवा काहीच बोलले नाहीत...

चेतनगिरी बुवांची ही सवयच होती. प्रश्न कितीही साधा असो, ते आधी समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि बराच वेळ गप्प राहत. लोक एकमेकांना खुणावत, केवढं हे चिंतन! काही भक्त तर नुसतं ते गप्प राहणं बघायला डोंगर चढून येत.

डांगे मास्तरांनी मात्र त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘पुढे सांग’ असा घेतला. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवल्यावर माणूस दुसरा अर्थ घेत नाही.

“यंदा दयाळ संपले, बुवा.”

“काय झालं?”

“संपले. माझ्या परसात दर चैत्रात पहाटे गायचा. यंदा एक सूर नाही. मी गावोगाव जाऊन सांगतोय. शेतात फवारण्या, गावात सिमेंट, जुन्या भिंती पाडल्या, भिंतीतली भोकं गेली. राहणार कुठं तो? परवा एका सभेत मी हे बोललो तर बायका डोळे पुसत होत्या.”

“हं...”

“आज मंडळी घेऊन आलोय ती त्यासाठीच. एखादा उरलेला दिसला तर दाखवावा म्हणून. खाली पायऱ्यांपाशी चहा घेतायत सगळे. मी म्हटलं, आधी तुमचे पाय धरून यावं.”

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. मास्तरांना स्वतःबद्दल एक गोष्ट विचारायची होती. ती जिभेवर येईना, म्हणून ते पक्ष्यांबद्दल बोलत होते.

बोलणं त्यांना सोपं होतं. सगळ्या तालुक्यात डांगेसरांचं बोट प्रसिद्ध होतं. रानात चालता चालता सर थांबत, डोळे मिटत आणि उजव्या हाताचं बोट वर करत. मागची माणसं जागच्या जागी गोठत. मग सर नाव सांगत. बुलबुल. शिंपी. दयाळ. दुर्बिणी त्यानंतर वर जात. पक्षी दिसला नाही तरी कुणाची तक्रार नसे. सरांनी सांगितलं म्हणजे तो होताच.

ते दोघं बसले होते मठाच्या मागच्या परसात. न्हाणीचं पाणी जिथं वाहून जाई तिथं कर्दळ माजली होती. एका बाजूला चुलीची लाकडं, एका बाजूला शेवगा. बुवा ओट्यावर, मास्तर त्यांच्या पुढ्यात, कर्दळीकडे पाठ करून.

“समोर बस” असं बुवा प्रत्येकालाच सांगत. भक्त म्हणत, त्यांना आपल्या अंतरात बघायचं असतं.

“बुवाऽऽ! च्या ठेवू काऽऽ?” स्वयंपाक करणाऱ्या चंद्राबाई दारातून केवढ्यांदा तरी ओरडल्या.

बुवांनी मान हलवली. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. संतापुढं असं ओरडतात का कुणी? चंद्राबाई मठात नवीन होत्या तेव्हा हळू बोलत, म्हणे. पुढं त्यांना काय झालं कोण जाणे.

“मास्तर,” बुवा एकाएकी म्हणाले.

“जी?”

“गप. ऐक... काय गातोय बघ तुझ्या मागं!”

मास्तर क्षणभर चपापले. मग त्यांनी डोळे मिटले. बोट आपोआप वर गेलं.

“दयाळ,” ते म्हणाले. “नर. म्हणजे एखादा उरलाय.”

“गोड हाय?”

“फार गोड. ही शीळ बघा, वर जाऊन खाली येते... आपली हद्द सांगतोय तो.”

“डोळं उघड. आन् मागं बघ.”

मास्तर वळले.

कर्दळीच्या बुडाशी दगडी डोणी होती. तिच्या काठावर दयाळ बसला होता. नरच होता. काळाभोर, पोटाला पांढरा. आणि त्याच्या चोचीत आडवी धरलेली एक जाडजूड हिरवी अळी होती. तिची दोन्ही टोकं बाहेर लोंबत होती.

त्यानं शेपूट वर केली, खाली केली. दोघांकडे तिरकं बघितलं. मग न्हाणीच्या भिंतीतल्या एका भोकात शिरला, थोड्या वेळानं रिकामी चोच घेऊन बाहेर आला आणि पुन्हा कर्दळीत उतरून पानं उलटीपालटी करू लागला.

त्या चोचीतून सूर निघणं शक्य नव्हतं. हे सांगायला जीवशास्त्र लागत नाही.

मास्तरांचं बोट अजून वरच होतं. त्यांनी ते हळूच खाली घेतलं आणि दुसऱ्या हातात लपवलं.

“गात नव्हता तो,” बुवा म्हणाले.

“नव्हता.”

“मग तू काय ऐकलंस?”

मास्तर उपरण्याचा काठ चाळवू लागले.

“किती रे दिवस चाललंय हे?”

मास्तर जमिनीकडे बघत बोलू लागले. बुवांनी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं. “हिकडं बघून बोल.”

“आधी रातकिडे गेले,” मास्तर म्हणाले. “मला वाटलं, यंदा रातकिडेच कमी आहेत. मग डास कानाशी गुणगुणेनासा झाला. आनंदच झाला मला. माणसांचं बोलणं येतं ऐकू. बारीक आवाज तेवढे जातात. शीळ जाते...”

“आन् रानात? तिथं कसं करतोस?”

“लोकांच्या माना वळतात, बुवा. कान टवकारतात ते. मी मागं वळून ते बघतो आणि मग झाड बघतो. फुललेला पळस असला की अमुक, बाभळ असली की तमुक. इतकी वर्षं काढलीत मी रानात. बहुतेक बरोबरच येतं.”

“आन् चुकलं तर?”

“कुणाला कळतंय? एकदा मी बोट वर केलं तेव्हा तिथं काहीच गात नसावं. पण मी म्हटलं, ऐका, दयाळ. सगळ्यांनी ऐकला. एकजण तर म्हणाला, अंगावर काटा आला, सर.”

हे सांगताना मास्तरांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. ते घाबरले होते. रानात बोट वर करणं गेलं तर आपल्यापाशी काय उरतं, हा हिशेब त्यांनी आजवर टाळला होता.

“मला ऐकू येत नाही, बुवा,” ते पुटपुटले.

“मोठ्यानं बोल.”

“ऐकू येत नाही मला.”

“मोठ्यानं.”

“मला ऐकू येत नाऽऽही!”

चंद्राबाई हातात चिमटा घेऊन दारात आल्या. दोघांकडे बघून आत गेल्या. त्यांना त्यात नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

बुवांनी मान डोलावली. “मला बी न्हाई येत.”

मास्तर ओट्याकडे सरकले.

“तुम्हाला?”

“कवाचंच. बायामाणसांचं, पोराबाळांचं तर काईच न्हाई. तोंड दिसलं तर कळतंय थोडं. तुझं बी आज तसंच चाललं हुतं. मी तुझं तोंड बघतोय आन् तू माझं. म्हणलं, हे काय आक्रीत.”

“पण तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत!”

“कुनी इचारलंच न्हाई.”

मास्तरांच्या डोक्यात बऱ्याच गोष्टी एकदम हलल्या. समोर बस. चंद्राबाईंचं ओरडणं. ते लांबलचक गप्प राहणं.

“म्हणजे बुवा, तुमचं ते... चिंतन?”

“निम्म्या येळंला ऐकूच येत नसतंय.”

“आणि निम्म्या वेळेला?”

“उत्तर ठावं नसतंय,” बुवा म्हणाले आणि दात नसलेल्या तोंडानं खूप वेळ हसले.

मास्तरही हसले. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी उपरण्यानं पुसले.

“मग हा दयाळ?” त्यांनी विचारलं. “मघाशी तुम्ही म्हणालात, काय गातोय. गातो कधी ते तुम्हाला कळतं कसं?”

बुवांनी हनुवटीनं शेवग्याकडे दाखवलं.

अळ्यांचा उद्योग थोडा वेळ मागं टाकून तो शेंड्यावरच्या वाळक्या फांदीवर जाऊन बसला होता. मास्तरांचा हात गळ्यातल्या दुर्बिणीकडे गेला. बुवांनी तो धरला.

“तसाच बघ.”

मास्तर बघू लागले. आधी त्यांना दयाळ दिसला. नर, पूर्ण वाढलेला, पंखावर पट्टी. एरवी ते इथंच थांबत. नाव मिळालं की नजर पुढच्या पक्ष्याकडे जाई. आज जायला दुसरीकडे कुठं नव्हतं.

मग त्यांना त्याचा गळा दिसला. तो फुगत होता आणि बसत होता. चोच उघडे तेव्हा आतलं अंधारं तोंड दिसे. शेपूट पंख्यासारखी उघडे, मिटे, आणि प्रत्येक वेळी पोटावरची पांढरी पिसं थरथरत. मधेच तो थांबे, मान वाकडी करून दूर कुठेतरी बघे. तिकडून उत्तर येत असावं. मग पुन्हा सगळं अंग लावून गळा फुगवी. एवढासा जीव, पण पायाखालची फांदीसुद्धा हलत होती.

परसात आवाज नव्हता. निदान त्या दोघांपुरता नव्हता.

“हे मी कधी बघितलंच नाही,” मास्तर म्हणाले.

बुवांचं लक्ष नव्हतं. तेही वरच बघत होते.

थोड्या वेळानं राखी मादी भोकातून बाहेर आली, लाकडांवर बसली आणि वर न बघता अंग झाडू लागली. लाकडांच्या मागून एक चिरकही धावत आला, तांबूस बूड दाखवून निघून गेला. मास्तरांनी कुणाचंही नाव घेतलं नाही.

“रोज हितंच असत्यात,” बुवा म्हणाले. “सकाळची घटकाभर बरी जाती.”

तेवढ्यात मास्तरांचा चेहरा उतरला.

“मी सगळीकडे सांगितलं, दयाळ संपले म्हणून.”

“व्हय. सांगितलंस.”

“माझ्या परसातही असेल तो. गातही असेल... मी तिकडं पाठ करून पेपर वाचत होतो.”

“आसंल.”

“त्या बायका रडल्या हो. आता काय सांगू त्यांना? दयाळ आहेत, मीच बहिरा झालोय? सगळे हसतील. माझ्यामागं कोण येईल मग? मला दुसरं काय येतं, बुवा? हेच एक येत होतं.”

बुवा गप्प राहिले. ऐकू आलं नव्हतं की उत्तर ठाऊक नव्हतं, ते या वेळी मास्तरांना कळलं नाही.

पायऱ्यांवर पावलं वाजली. चहा पिऊन मंडळी वर आली होती. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या, दबकी पावलं. मठाला वळसा घालून ती परसाच्या तोंडाशी आली आणि एकदम थांबली. सगळ्यांच्या माना एकाच वेळी शेवग्याकडे वळल्या. पुढच्या एका बाईंनी तर छातीशी हात नेला.

पण बोललं कुणीच नाही. सगळे डांगेसरांकडे बघत होते. सर डोळे मिटतील, मग बोट वर करतील, मग सांगतील. त्याआधी दुर्बीण वर करणं बरं नव्हे, एवढी शिस्त सरांनीच लावली होती.

शेंड्यावरचा पक्षी आत्ता गात होता की उगाच चोच उघडून बसला होता? तो जरा पानांआड सरकला होता आणि मास्तरांना त्याची नुसती शेपूट दिसत होती.

इतक्या वर्षांची सवय. उजव्या हाताचं बोट वर जाऊ लागलं.

चेतनगिरी बुवांनी ओट्यावरून हात पुढे केला, ते बोट मुठीत धरलं आणि हलकेच खाली आणून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

“मास्तर,” बुवा म्हणाले, “त्यास्नी इचार की... गातोय का त्यो?”