भिवराबाईचा कोपरा

या गोष्टीला फार वर्षं झाली. इतकी, की ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांची लेकरंसुद्धा आता काठी टेकत चालतात. पण आमच्या गावात हिला कुणी जुनी म्हणत नाही. ऐका तर.

झाडीपट्टीत कुरणघाट नावाचं आमचं गाव आहे. गाव दोन भागांत वसलेलं. वरच्या टेकाडावर मोठी घरं, त्याला वरचं गाव म्हणायचं. खाली सखलात लहान घरं, ती टोली. आणि टोलीच्या उशाशी मोठा तलाव. तलाव म्हणजे काय, तर दोन डोंगरांच्या मध्ये घातलेला मातीचा लांब बांध आणि त्यानं अडवलेलं पाणी. त्या बांधाला आम्ही पाळ म्हणतो. पाळीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला टोलीची घरं. तलावाचं पाणी साऱ्या गावाचं. धान त्याच्यावर पिकायचं, गुरं त्याच्यावर पाणी प्यायची, मासोळी आणि शिंगाडे त्यातलेच. तलाव आहे म्हणून गाव आहे, असं म्हणतात.

त्या काळी पंचायत नुकतीच आली होती. एक बाई पंच म्हणून घ्यावी लागेल, असा कायदा आला, म्हणून वरच्या गावानं टोलीतल्या भिवराबाईचं नाव घातलं. भिवराबाई मुरमुऱ्याची भट्टी लावायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. ही आपली कोपऱ्यात बसेल, अंगठा उठवील आणि घरी जाईल, असा साऱ्यांचा हिशेब होता. सुरुवातीला ती बसलीही तशीच. मग एका बैठकीत तिनं विचारलं, की वरच्या गावातल्या गल्लीला नाली आहे, टोलीच्या गल्लीला काहून नाही? पंच हसले. तिनं पुढच्या बैठकीत तेच विचारलं. त्याच्या पुढच्याही. शेवटी कंटाळून त्यांनी नाली खोदून दिली. मग टोलीच्या विहिरीला काठ बांधून झाला. मग वरच्या गावापाशीच थांबणारी दाई टोलीतही यायला लागली. भिवराबाई भांडायची नाही, आवाज चढवायची नाही. विचारलेलं विसरायची नाही, इतकंच.

सरपंच होते उद्धवराव पाटील. माणूस वाईट नव्हता. पण एका उन्हाळ्यात ते पाहुण्यांच्या गावी गेले आणि तिथली दगडी कमान पाहून आले. मग त्यांच्या मनानं घेतलं, की कुरणघाटच्या वेशीवरही तशीच कमान उभी राहिली पाहिजे.

आता, दर उन्हाळ्यात गाव पाळीचं काम काढायचं, पंचायत आल्यावर ते तिच्याकडं आलं. उंदीर-घुशींची बिळं बुजवायची, वाढलेली मुळं काढायची, खचलेल्या जागी नवी माती चढवून चोपायची. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम. उद्धवरावांनी बैठकीत सांगितलं, की यंदा पाळीचं काम नको, तीच माणसं कमानीच्या कामाला लावू. बाकीच्या पंचांनी माना हलवल्या. भिवराबाई म्हणाली, नाही.

उद्धवराव तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, पाळ आपल्या आजा-पणजानं बांधली. तिले काय होते?"

"आज्यांनी बांधली, पाटील," ती म्हणाली, "पण दर साली बापांनी राखली."

हात वर करायची वेळ आली. तिचा एकटीचा हात एका बाजूला, बाकी सारे दुसऱ्या बाजूला. वेशीपाशी कमानीचे घडीव दगड येऊन पडले.

भिवराबाईनं भट्टी विझवली. पदर खोचला, कुदळ घेतली आणि स्वतःच पाळीवर माती चढवायला लागली. टोलीतल्या घराघरात जाऊन तिनं बोलावणं केलं. पण टोलीतले हात कमानीच्या मजुरीला गेले होते, त्यांना तरी कसा दोष द्यावा? एक तेवढी येसू आली. येसू म्हणजे टोलीतलीच तरणी विधवा. ना माहेर उरलेलं, ना सासर. लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणायचे आणि सकाळी समोर आली तर वाट बदलायचे. त्या दोघी उन्हातान्हात माती वाहत राहिल्या. वरच्या गावातले लोक बैलगाडीतून जाताना हसून पाहायचे. मृग लागला तेव्हा पाळीचा बराच भाग धड झाला होता. जुन्या मोहाच्या झाडाखालचा कोपरा मात्र राहून गेला.

त्या वर्षी श्रावणात झड लागली. तशी झड पुन्हा कधी लागली नाही, असं म्हणतात. सूर्य दिसेना. चुली पेटेनात. तलाव भरला, सांडव्यावरून वाहायला लागला, तरी पाणी चढतच राहिलं. पाळीवर उभं राहिलं की पायाखाली बारीक थरथर जाणवायची, जात्यावर हात ठेवल्यावर जाणवते तशी.

आणि एका दुपारी येसू धावत भिवराबाईच्या दारात आली. मोहाच्या कोपऱ्याखाली, टोलीच्या अंगानं, पाळीतून पाणी झिरपत होतं. झिरपणं नेहमीचंच. पण हे पाणी गढूळ होतं. गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून माती सोडते आहे, हे कुरणघाटातल्या लेकरालाही कळतं.

हाकाटी झाली. टोली रिकामी झाली, सारी माणसं पाळीवर आली. वरचं गावही आलं. उद्धवराव छत्री धरून आले, बाकीचे पंच आले. पण म्हणतात, की पंचांच्या गाड्या जुंपून तयार होत्या आणि बायकापोरं गाड्यांत बसलेली होती.

लोकांनी माती टाकली, वाहून गेली. काट्याकुट्या टाकल्या, त्याही गेल्या. खाली पाण्याची धार आधी बोटाएवढी होती, ती मनगटाएवढी झाली. आतल्या अंगाला, तलावात, पाण्यावर एक भोवरा फिरायला लागला. छिद्राचं तोंड तिथं होतं. टाकलेली पेंढी भोवऱ्यात फिरायची, दिसेनाशी व्हायची आणि टोलीच्या अंगाला चिखलात चिंधड्या होऊन निघायची. ते पाहिल्यावर कुणी पुढं होईना.

तेव्हा सोमा भगत बोलला. तो गावाचा देवाचं करणारा म्हातारा. तो मोठ्यानं बोललाच नाही. शेजारच्याला म्हणाला, की तलाव असा उगाच फिरत नाही, त्याला माणूस पाहिजे. शेजारच्यानं पुढच्याला सांगितलं. तो शब्द पावसात पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. पण हळूहळू सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला वळले. येसूच्या आजूबाजूची माणसं एकेक पाऊल मागं सरली. ती एकटी मोकळ्या जागेत उभी राहिली.

म्हणतात, की त्या वेळी पाऊस पडत होता, पण पावसाचा आवाज येत नव्हता.

येसूनं सगळ्यांकडं पाहिलं. मग पदर कमरेला घट्ट बांधला आणि म्हणाली, "मी जातो. माह्यासाठी रडणारं कोणी नाही."

आणि ती पाण्याकडं निघाली. कुणी अडवलं नाही. हे सांगताना आमच्या गावातले लोक आजही खाली पाहतात. कुणीही अडवलं नाही.

अडवलं ते भिवराबाईनं. तिनं येसूचं मनगट धरलं, तिला मागं ओढून पाळीवर बसवलं आणि स्वतः पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पायांनी चाचपत ती भोवऱ्याच्या मधोमध गेली. आणि पाण्यानं तिचा उजवा पाय मांडीपर्यंत त्या छिद्रात ओढून घेतला. ती किंचाळली नाही, असं म्हणतात. फक्त तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. भोवरा थांबला. टोलीच्या अंगाला मनगटाएवढी धार बोटाएवढी झाली.

सोमा भगतानं डोळे मिटले आणि मंत्र म्हणायला घेतला. बायका हात जोडायला लागल्या.

तेव्हा भिवराबाई बोलली. पाणी गळ्याला लागलं होतं.

"सोमाजी, मंतर बंद करा. मी बळी जायाले नाही उतरली. मी पंच आहो, म्हणून उतरली."

भगताचे ओठ थांबले.

तिनं मान वळवून उद्धवरावांकडं पाहिलं. "तलावाले माणूस पायजे म्हणता ना? मंग एक काहून देता? सगळेच द्या. पहिले पंच उतरा."

कुणी हललं नाही. पाणी तिच्या हनुवटीला लागलं. उद्धवरावांनी मागं टेकाडाकडं पाहिलं. तिथं त्यांचं घर होतं, पाळ फुटली तरी त्याच्या पायरीला पाणी लागलं नसतं. जुंपलेली गाडी होती, गाडीत नातू होता. मग त्यांनी खाली टोलीकडं पाहिलं. दारं उघडी टाकून माणसं वर आली होती, एका अंगणात बांधलेली शेळी ओरडत होती. सरपंच किती वेळ असे उभे होते, कुणी सांगू शकत नाही. कुणी म्हणतं, एक श्वास. कुणी म्हणतं, एक जन्म.

मग त्यांनी छत्री खाली ठेवली. धोतर खोचलं. आणि ते पाण्यात उतरले.

त्यांनी भिवराबाईला एका काखेत धरलं. मागून दुसरा पंच उतरला, त्यानं दुसऱ्या काखेत धरलं. मग सारे पंच उतरले आणि हातात हात गुंफून तिच्याभोवती उभे राहिले. त्यांच्याकडं पाहून टोली उतरली, वरचं गाव उतरलं. कधी एकमेकांच्या सावलीला न उभे राहिलेले लोक छातीला छाती लावून उभे राहिले. सोमा भगतसुद्धा उतरला. पाण्यातूनच उद्धवराव ओरडले, की कमानीचे दगड आणा. तयार असलेल्या गाड्यांतून बायकापोरं उतरवली आणि त्याच गाड्यांतून घडीव दगड आले. माणसांच्या कड्याबाहेर दगडांचं कडं रचलं, मधल्या जागेत चिकणमाती भरली, आणि घराघरातल्या दारांच्या फळ्या काढून त्या मातीला टेका दिला. म्हणतात, की तलावातल्या मरळ माशांनी भिवराबाईच्या पायाभोवती वेढा घातला आणि छिद्राच्या फटी अंगानं बुजवल्या. हे खरं की खोटं, ते पाण्यालाच ठाऊक. पण दगडांचं कडं पाण्याच्या वर येईपर्यंत टोलीच्या अंगाची धार पुन्हा वाढली नाही, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

मग घागरींनी कड्याच्या आतलं पाणी उपसलं. भिवराबाई मांडीपर्यंत पाळीत रुतलेली होती. कुदळ चालवली तर पाळ हलेल, आणि न चालवली तर ती सुटणार नाही. शेवटी येसू पुढं आली. तिनं बोटांनी माती उकरायला घेतली. मूठ मूठ माती काढत होती आणि तितकीच चिकणमाती मागून दाबत होती. नखं तुटली तरी थांबली नाही. बाकीचे तिच्या हातात चिकणमातीचे गोळे देत होते. तिन्हीसांजेच्या आधी पाय सुटला आणि त्याच जागी मातीनं भरलेलं पोतं दाबलं गेलं. पाळ राहिली. झडही त्याच संध्याकाळी उघडली.

भिवराबाईचा तो पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही. बैठकीला पंच तिला खाटेवर बसवून, खांद्यावर घेऊन जायचे. येसू तिच्याच घरी राहायला आली. तिला सकाळी पाहून पुन्हा कुणी वाट बदलली नाही. भट्टी दोघींनी चालवली. पुढं कितीतरी वर्षं प्रत्येक बैठकीत भिवराबाईचा पहिला प्रश्न एकच असायचा, "पाळ पाहून आले का?" जे पाहून आलेले नसायचे, ते उठून पाहून यायचे आणि मगच बैठक सुरू व्हायची. कमान काही झाली नाही. उद्धवरावांनी तिचं नाव पुन्हा काढलं नाही.

आजूबाजूच्या गावांत गोष्ट वेगळी सांगतात. ते सांगतात, की कुरणघाटच्या पाळीत एक बाई गाडली आहे, म्हणून ती पाळ फुटत नाही. आमच्या गावात कुणी असं बोललं, की म्हातारी माणसं लगेच तोडतात. भिवराबाई म्हातारी होऊन, आपल्या खाटेवर, येसूच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. आमच्या गावानं तलावाला कुणी दिलं नाही.

मोहाचं झाड केव्हाच पडलं. पण त्या जागेला अजून भिवराबाईचा कोपरा म्हणतात. अक्षय तृतीया झाली, की गावातल्या प्रत्येक घरातून एक टोपली माती तिथं जाते. पहिली टोपली सरपंचाच्या डोक्यावर असते. आणि पंचायतीत जे कुणी निवडून येतात, ते खुर्चीवर बसण्याआधी त्या कोपऱ्यात छातीभर पाण्यात उतरतात आणि हातात हात धरून उभे राहतात. कुणाचं कुणाशी भांडण असलं तरी शेजारी उभं राहावंच लागतं. काठावर सारं गाव जमतं.

मागच्या खेपेला एक नवा सदस्य आला होता, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. तो काठावर थांबला आणि म्हणाला, की पाणी फार गार दिसतं, पाय बुडवले तर चालेल का? कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. पाळीवर बसलेल्या एका म्हातारीनं फक्त विचारलं, "तू पंच आहेस ना रे बापू?"

तो उतरला.