खारूताईचा कप्पा

फार पूर्वी, प्राण्यांनाही प्रयोगांचं वेड होतं तेव्हा, जांभळाच्या ढोलीत सगळ्यांची मिळून एक प्रयोगशाळा होती. प्रत्येकाला एक कप्पा. सगळ्यात गार कप्पा खारूताईचा, पण तो करवंट्या, तडकलेल्या वेळूच्या नळ्या आणि चिंध्यांनी गच्च भरलेला. "लागलं एखाद्या वेळी, तर?" ती म्हणायची.

एकदा साळुंकी धापा टाकत आली. पिल्लाच्या खोकल्याचं औषध गारव्यात ठेवलं नाही, तर दुपारपर्यंत नासणार होतं.

"खारूताई, थोडी जागा करशील?"

"अगं, सगळं कामाचं आहे."

"ही फुटकी नळीपण?" शेजारच्या कप्प्यापाशी बसलेला कासवदादा म्हणाला. "पिपाणी वाजवणार वाटतं."

खारूताई फुरंगटली. तेवढ्यात वरच्या घरट्यातून साळुंकीच्या पिल्लाचा खोकला ऐकू आला. तिच्याही घरी पिल्लं होती. ती एकेक वस्तू बाहेर काढू लागली.

तळाच्या करवंटीत तिनं कधीकाळी रुजत घातलेलं बी होतं. प्रयोग फसला म्हणून ती ते विसरूनही गेली होती. त्याला पिवळा, वाकडा कोंब फुटला होता.

औषध आत गेलं, कोंब उन्हात आला.

"बघा, कामाचं आहे म्हटलं नव्हतं?" खारूताई ऐटीत म्हणाली.

कासवदादानं फुटकी नळी तोंडाला लावली. ती चक्क वाजली, आणि वरचं पिल्लू खोकायचं विसरून ऐकत राहिलं.